तक्ता तीन, ओळ सतरा

सकाळी सातला लेंड्या अजून गरम असतात.
पिशवीवर तारीख, बिल्ल्याचा नंबर, गाठ.
तीन ग्रॅम मोजायच्या, खलात ठेचायच्या,
मिठाच्या दाट पाण्यात कालवून गाळणीतून काढायच्या.
गाळणी परभणीच्या बाजारातली, चहाची, वीस रुपयांची;
प्रबंधात तिचं नाव 'चाळणी, मानक'.

मग पाच मिनिटं काही करायचं नाही.
जड ते तळाला जातं, अंडी वर येतात,
काचेवरच्या रेघांत अडकतात एकेक,
लंबगोल, आत पेशींचा घोस.
मला ती सुंदर वाटतात.
हे मी सरांना सांगितलेलं नाही.

मादी जंत त्याहून देखणी:
लाल आतड्याभोवती पांढरा पीळ,
करदोट्याच्या गोफासारखा.
त्यातला लाल रंग तिचा नव्हे.
तो शेळीचा आहे.

जिंतूरच्या पुढे, माळावर,
धुरपदाबाईच्या चोवीस काळ्या शेळ्या.
बारांना औषध, बारांना नुसतं पाणी,
दोन्ही बाटल्या सारख्याच हिरव्या.
'अवशीद कोंच्या बाटलीत हाय?'
'ते तुम्हाला सांगता येत नाही, मावशी.'
'मला नको सांगू. शेळीला सांग.'

सतरा नंबर पाण्याच्या तुकडीत होती.
चौथ्या आठवड्यात अंडी चोवीसशे.
सहाव्यात तिच्या जबड्याखाली
संध्याकाळी पाणी साचून लोंबायला लागलं,
सकाळपर्यंत ओसरायचं.
मी अंगठ्यानं तिची खालची पापणी उलटली.
कोऱ्या मांजरपाटासारखी.
पाच गुण झाले की औषध देण्याची मुभा होती.
मी चार लिहिला.

धुरपदाबाई शेजारीच उभी होती.
तिला वाचता येत नाही असं मला वाटत होतं.
चाराचा आकडा तिनं माझ्या हाताच्या हालचालीवरून वाचला असावा.

आठव्या आठवड्यात अंडी दीडशे.
मीठ बदललं. काचा धुतल्या. तीनदा मोजलं.
पाण्याच्या बाराही शेळ्यांत उतार.
सर म्हणाले, बाटल्या बदलल्यास का?
त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर
मी एकटीच सगळे दिवस उलट मोजत बसले.

गेले तेव्हा तिचा पाटा अंगणात वाळत होता,
त्यावर तपकिरी चुरा, कडू वासाचा.
पळसपापडी. वाटून, गुळात घोळून.
'तू शेळ्या धरायलीस तवा
दोन्ही बाटल्या चाखल्या म्या.
एकीत कडवटपणा, एक फुसकी.
फुसकीवाल्यांचं काय करावं मग?
तुजं काम हाय मोजायचं. माजं, त्यांना जगवायचं.'

मी रागावले. मोठ्यानं बोलले.
दोन वर्षं, म्हटलं, दोन वर्षं गेली माझी.
ती पाटा उचलून आत घेऊन गेली
आणि थोड्या वेळानं चहा घेऊन आली,
गुळाचा, शेळीच्या दुधाचा.
कोणत्या शेळीचं ते मी विचारलं नाही.

तक्त्यातून बारा ओळी काढाव्या लागल्या.
खाली तळटीप: 'व्यवस्थापनातील त्रुटीमुळे वगळल्या.'
पळसाचं नाव टाकता येईना.
किती मात्रा, किती दिवस,
कुणाच्या मुठीनं मोजलेली?
विचारलं तर म्हणाली, शेळीकडं बघून.

सहा महिने वाढले.
आता पुन्हा लेंड्या, पुन्हा मीठ,
दुसरं गाव, दुसरा माळ.

जाताना वाटेत थांबले होते मात्र.
सतराला करडू झालंय, पाठीवर एक पांढरा ठिपका.
तिनं मला ओळखलं असेल तर पळालीच असती;
उभी राहिली. पापणी उलटली.
आत पेरूच्या गरासारखा गुलाबी रंग.
दोन गुण.
वही बाहेर काढली होती, मग आठवलं,
या ओळीला आता रकानाच नाही.

'पास व्हशील का गं?' धुरपदाबाईनं विचारलं,
करडाला काखेत धरून,
माझ्या डोळ्यांच्या खालच्या कडेकडे
जरा निरखून बघत.